अंधारलेला फोटो उजळला की फिका का पडतो?

गणपतीच्या आरतीचे फोटो हमखास काळवंडतात. मखराभोवती एलईडीच्या माळा लखलखत असतात, त्यामुळे बाप्पा स्वच्छ दिसतात आणि टाळ वाजवणारी घरची मंडळी नुसत्या सावल्या होऊन उभी राहतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेच्या आसपास आणू पाहतो. ही छटा म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण 18 टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग. चौकटीत झगमगाट जास्त असला की मीटरला वाटतं प्रकाश भरपूर आहे, आणि तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, कमी करतो. चेहरे ओळखणारे नवे फोन हे बरंच सांभाळून घेतात, पण उजेड पाठीमागे असला की तेही गडबडतात.

मग आपण एडिटर उघडतो आणि पहिली दिसते ती ब्राइटनेसची दांडी उजवीकडे ओढतो. फोटो उजळतो खरा, पण धुरकट होतो. काळे केस राखाडी, साडीचे काठ विटलेले. आमटी पुरवायला पाणी ओतावं, तसा प्रकार.

असं का होतं ते आकड्यांत बघू. साध्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 असा आकडा असतो. समजा केसांचा आकडा 10, सावलीतल्या गालाचा 60 आणि माळेतल्या दिव्याचा 240 आहे. जुन्या पद्धतीची ब्राइटनेस सगळ्यांत सरसकट ठरावीक आकडा मिळवते. 50 मिळवले तर केस 60, गाल 110. दिवा 290 व्हायला हवा, पण 255च्या वर जागाच नाही, तो तिथेच आपटून सपाट पांढरा होतो. गाल आधी केसांच्या सहापट होता, आता दुप्पटसुद्धा नाही. फोटोशॉपनं 2007च्या सीएस 3 आवृत्तीत ही रीत बदलली, पण जुनी पद्धत वापरण्याचा पर्याय शिल्लक ठेवलाच. फुकटातल्या अनेक ॲपमध्ये ब्राइटनेसची दांडी अजूनही सावल्यांना असंच धुरकट करते.

त्याऐवजी लेव्हल्स, म्हणजे काळा, मधला आणि पांढरा असे तीन काटे असलेलं साधन, उघडून त्यातला मधला काटा हलवून बघा. तो 1.00 वरून 1.50 वर नेला की हेच आकडे अंदाजे 29, 97 आणि 245 होतात. 0 शून्यावरच राहतो, 255 आपल्या जागी राहतो, जुन्या आकड्यावरून नवा आकडा ठरवणारी रेघ वाकते ती फक्त मधे. कर्व्ह नावाचं साधन हेच करतं, पण रेघ कुठे आणि किती वाकवायची हे तिथे आपल्या हातात असतं. फोटो उजळल्यावर डोळ्याला खोटं कधी वाटतं, तर काळं काळं उरत नाही तेव्हा. म्हणून मी आधी हिस्टोग्रामचं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठल्या आकड्याचे किती ठिपके आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाचं, डावं टोक बघतो. ते कडेपासून सुटलं असेल तर काळा काटा थोडा आत घेतो.

कर्व्हनंही एक तिढा सुटत नाही, तो रंगाचा. सावलीतल्या त्वचेचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 90, 60 आणि 45 धरा. वरच्याच 1.50च्या हिशेबानं ते 127, 97 आणि 80 होतात. लाल आधी निळ्याच्या दुप्पट होता, आता दीडपटीहून जरासाच जास्त. चेहरा उजळला, पण रक्त ओसरल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: फोटोशॉप किंवा गिम्प या फुकट मिळणाऱ्या एडिटरमध्ये कर्व्हचा परिणाम फक्त उजेडावर होऊ द्यायचा, रंगावर नाही, नाहीतर शेवटी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, थोडं वाढवायचं. थोडंच. लग्नाच्या अल्बममध्ये नारिंगी झालेली माणसं आपण पुष्कळ पाहिली आहेत.

आता दाण्यांकडे वळू. सावली वर ओढली की तिथे रंगीबेरंगी रवाळपणा उगवतो आणि आपण सॉफ्टवेअरला दोष देतो. खरं तर तो फोटोत आधीपासूनच असतो. प्रकाश फोटॉनच्या, म्हणजे सुट्या प्रकाशकणांच्या, रूपात येतो आणि त्यांच्या येण्यात नैसर्गिक चढउतार असतो. हा चढउतार फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाइतका. एखाद्या ठिपक्यावर 10,000 फोटॉन पडले तर चढउतार 100चा, म्हणजे 1 टक्का. पडले फक्त 100, तर तो 10चा, म्हणजे 10 टक्के. सॉफ्टवेअर चित्राला चारानं गुणतं तेव्हा हे चढउतारही चारानं गुणले जातात. जेपेगमध्ये, म्हणजे फोटो साठवण्याच्या नेहमीच्या फाइलमध्ये, वर आणखी एक अडचण: फाइल लहान करताना सावल्यांतले बारकावे 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनांत गुंडाळून टाकलेले असतात, उजळल्यावर ते चौकोन दिसू लागतात. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची मूळ माहिती ठेवणाऱ्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला बहुधा 12 किंवा 14 बिट असतात. 14 बिट म्हणजे 256ऐवजी 16,384 पायऱ्या, त्यामुळे ती जास्त ओढ सोसते.

सगळा फोटो एकाच मापानं उजळावा की जागा बघून, हा प्रश्न जुना आहे. डार्करूममध्ये छायाचित्रकार कागदावर हात आडवा धरून एखादा भाग उजळ ठेवत. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांनी डोळा हे कसं करतो याचा विचार मांडला: आपल्याला एखादी जागा किती उजळ दिसते ते शेजारच्या जागांच्या तुलनेनं ठरतं. जॉन मॅकॅन यांच्यासह त्यांनी 1971मध्ये या रेटिनेक्स सिद्धान्ताला गणिती रूप दिलं. गिम्पमध्ये त्याच नावाचा फिल्टर आहे. तो पूर्ण जोरानं लावला तर माणसांच्या कडेनं प्रभावळ उमटते, संतांच्या तसबिरीत ती शोभते. एडिटरमधली फक्त सावल्या उजळणारी ‘शॅडोज’ची दांडी याच जातीची, ती निम्म्याच्या पुढे नेण्याआधी डोक्याच्या कडा एकदा मोठ्या करून पाहाव्यात.

एक गोष्ट मात्र कुठलीच दांडी परत आणू शकत नाही: जिथे सेन्सर काठोकाठ भरून आकडा 255ला टेकला, तिथली माहिती. सावलीत काहीतरी उरलेलं असतं, जळलेल्या पांढऱ्यात काहीच नसतं. गुगलच्या संशोधकांनी 2016मध्ये मांडलेल्या एचडीआर प्लस पद्धतीत फोन म्हणूनच मुद्दाम काळसर फोटो काढतो. एक नाही, भराभर अनेक. ते एकमेकांवर बसवून सरासरी काढली की नऊ फोटोंत दाणे साधारण एक तृतीयांश उरतात, आणि मग सावल्या वर उचलल्या जातात.