घरगुती व्हिडिओ कॅसेट ते डिस्क : चित्राच्या दर्जाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नाशिकच्या घरांतून डिस्कवर उतरवून घेण्यासाठी आजही ज्या कॅसेट बाहेर पडतात, त्यांतील बहुतेक व्हीएचएस असतात आणि त्यांवरचे चित्रीकरण १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांतले असते. व्हीएचएस ही घरगुती कॅसेटवर चित्र नोंदवण्याची पद्धत १९७६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. तिच्या पूर्वेतिहासातील एकच बाब येथे महत्त्वाची आहे : अर्ध्या इंचाच्या पट्टीवर सगळे बसवण्यासाठी रंगाची माहिती सुमारे ६२७ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरवून, उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा कितीतरी ढोबळपणे नोंदवली जाई. त्यामुळे हॅलोजनच्या उजेडात वधूच्या शालूचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या अंतरपाटावर सांडलेला दिसतो. तो दोष कॅसेट जुनी झाल्याचा नसून पहिल्या दिवसापासूनचा आहे.

त्यात प्रतीची प्रत काढण्याची भर पडली. शूटिंगवाला मूळ कॅसेट स्वतःकडे ठेवी, स्टुडिओत मिक्सिंग होऊन नावे आणि गाणी चढत आणि घरच्यांच्या हाती पडे ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रत. प्रत्येक पिढीत बारकावे पुसट होत गेले आणि रंग आकृतीच्या रेषेपासून आणखी सरकत गेला. मूळ कॅसेट अनेकदा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली जाई. म्हणून कपाटातली कॅसेट हीच ‘ओरिजिनल’ हा समज बहुधा चुकीचा असतो, पण तिच्याखेरीज काही उरलेलेही नसते.

खरा वाद सुरू झाला तो व्हीसीडीपासून, म्हणजे साध्या सीडीवर चित्रपट ठेवण्याच्या पद्धतीपासून. १९९३ मध्ये ठरलेल्या या मानकात आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीसाठी चित्राचा आकार ३५२ बाय २८८ बिंदू आणि वेग सेकंदाला २५ चित्रे असा निश्चित झाला. एका सीडीवर जेमतेम सव्वा तास मावत असल्याने तीन तासांच्या कॅसेटच्या तीन सीडी होत. पुढे संगणकावर सीडी लिहिणे स्वस्त झाल्यावर कॅसेट देऊन सीडी नेण्याची पद्धत नाशिकच्या स्टुडिओंतही रुळली. ‘व्हीएचएसमध्ये मुळात दर्जाच नाही, तेव्हा व्हीसीडी पुरते’ असे ग्राहकाला सांगितले जाई. हे विधान अर्धेच खरे होते. आडव्या दिशेने व्हीएचएसमध्ये जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो, त्याला ३५२ बिंदू पुरतात. उभ्या दिशेने मात्र कॅसेटवर ५७६ ओळी असतात, त्याही २८८-२८८ च्या दोन संचांत, सेकंदाला ५० वेळा नोंदलेल्या. व्हीसीडी करताना सामान्यतः त्यातला एक संच सरळ टाकून दिला जाई. उंचीतला अर्धा तपशील आणि हालचालीचा निम्मा भाग तेथेच गेला. वरातीतल्या नाचाला व्हीसीडीवर जो धक्केदारपणा दिसतो, तो त्यामुळेच. सीडी हाती आल्यावर अनेकांनी जागा अडते म्हणून कॅसेट टाकून दिल्या. व्हीसीडी निवडण्यापेक्षा या व्यवहारातली मोठी चूक ती होती.

डीव्हीडी आली तेव्हा ही अडचण संपायला हवी होती. तिच्यावर ७२० बाय ५७६ चे चित्र ओळींच्या दोन्ही संचांसह ठेवता येते. शिवाय ३५२ बाय ५७६ हा आकारही मान्य आहे आणि लांब व्हीएचएस कॅसेटसाठी तो जास्त शहाणपणाचा आहे, कारण ४.७ जीबीच्या डिस्कवर तीन तास बसवायचे तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपासच जागा मिळते. पण काम करणारा ते संगणकाच्या पडद्यावर पाहत होता. तेथे हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसत. ते ‘साफ’ करण्यासाठी दोन्ही संच एकात मिसळून टाकण्याचा पर्याय सर्रास निवडला गेला आणि घरच्या जुन्या टीव्हीवर जे चित्र सुरळीत दिसले असते, ते पुन्हा अडखळू लागले. काही ठिकाणी संच ठेवले गेले, पण त्यांचा क्रम उलटला. डीव्ही (डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यामार्फत घेतलेल्या चित्रात खालचा संच आधी येतो, चित्र संगणकात घेणाऱ्या अनेक कॅप्चर कार्डांत वरचा आधी येतो. हा क्रम चुकला की चालणारा माणूस पुढे-मागे थरथरत जातो. ‘टीव्हीच खराब आहे’ असे उत्तर तेव्हा अनेकांना ऐकावे लागले असेल. डिस्कसाठी दोन्ही संच जसेच्या तसे ठेवावेत, हेच प्रस्तुत लेखकाला योग्य वाटते. मिसळण्याच्या बाजूने एकच सबळ मुद्दा होता, तो म्हणजे चित्र फक्त संगणकावर पाहायचे असणे. आणि त्यासाठीही आता सेकंदाला ५० पूर्ण चित्रांची वेगळी फाइल करता येते.

या सगळ्यात कॅसेट चालवण्याच्या टोकाकडे दुर्लक्ष झाले. व्हीसीआरमधून, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रातून, निघणाऱ्या ओळी कधीच अचूक वेळेवर सुरू होत नाहीत, म्हणून दाराची उभी चौकट नागमोडी दिसते. त्यावर ओळींची वेळ सुधारणारा टाइम बेस करेक्टर हा उपाय आहे आणि तो कॅसेटवरून चित्र उतरवून घेतानाच वापरावा लागतो. रंग आणि उजेड वेगळे नेणारी एस-व्हिडिओ जोडणी असलेला एस-व्हीएचएस (सुधारित व्हीएचएस) यंत्राचा पर्याय १९८७ पासून होता, पण दुकानांतून साधी पिवळी वायरच चालत राहिली. चित्रातल्या मुंग्या आधी कमी केल्या नाहीत तर डिस्कवरची जागा त्यांच्यावरच खर्च होते आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. धार वाढवणारी पेटी मध्ये घातली की मुंग्यांनाच धार येते.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतून आलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट साफ न करता चालवल्यास यंत्राचे हेड भरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. २००८ च्या गोदावरीच्या पुरासारख्या पाण्यात भिजलेल्या कॅसेटमध्ये गाळ शिरलेला असतो, तो पट्टीला ओरखडे पाडतो. अशी पट्टी धुऊन, वाळवून, दुसऱ्या कवचात घालावी लागते.

व्हीसीआरचे उत्पादन जगभरात २०१६ मध्ये थांबले. त्यानंतर दर्जा मुख्यतः चालू यंत्रावर आणि ते राखणाऱ्या कारागिरावर अवलंबून राहिला आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे आणि रेखीव करून देण्याची सोय आली आहे. पंगतीच्या दृश्यात मागच्या रांगेतला चेहरा मूळ पट्टीवर चार-सहा ठिपक्यांचा असेल, तर ती तेथे डोळे-नाक असलेला कोणीतरी माणूस बसवते, पण तो घरातलाच असेल याची खात्री नसते. व्हीसीडीत टाकून दिलेला ओळींचा संच ती अंदाजाने भरते. कॅसेट शिल्लक असेल तर तोच संच पट्टीवरून पुन्हा घेता येतो.