भयपटातील भयनिर्मिती

भयपट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात व शरीरात भीती उत्पन्न व्हावी म्हणून दृश्यचौकट, प्रकाश, संकलन आणि ध्वनी यांची जी योजना केली जाते, तिला भयनिर्मिती म्हणता येईल. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात : अचानक आघाताने बसणारा दचका आणि काहीतरी अघटित घडणार या जाणिवेने हळूहळू दाटत जाणारे भय. समीक्षेत या दोहोंची वारंवार गल्लत होते.

भारतीय परंपरेत या विषयाचा सर्वांत जुना पद्धतशीर विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आढळतो. या ग्रंथाचा काळ साधारणपणे इ. स. पू. दुसरे शतक ते इ. स. दुसरे शतक असा मानला जातो. काही अभ्यासक तो आणखी अलीकडे आणतात. त्याच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव, म्हणजे तो रस उत्पन्न करणारी कारणे, सांगताना विकृत आवाज प्रथम घेतला आहे. त्यानंतर पिशाचादींचे दर्शन, कोल्ही व घुबडे यांचा त्रास, ओसाड घर, अरण्य, आप्तांचा वध किंवा बंधन पाहणे वा त्याविषयी ऐकणे ही कारणे येतात. या क्रमाला किती अर्थ द्यावा हे वादाचे असले, तरी चित्रपटाचा अनुभव त्याला दुजोरा देतो. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. रक्तपात व शरीरविच्छेद यांवर भर देणाऱ्या भयपटांचा विचार या संबंधातून करता येतो.

दचका ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिस्तुलाचा बार ऐकताच माणसाच्या पापण्या मिटणे, मान पुढे झुकणे आणि खांदे वर उचलले जाणे यांचे जलदगती कॅमेऱ्याने चित्रण केले होते. पापणी काही शतांश सेकंदांतच मिटत असल्याने विचाराला तेथे अवसरच नसतो. मात्र व्यक्ती आधीच धास्तावलेली असेल तर हीच क्रिया अधिक तीव्र होते, हे पुढील प्रयोगांतून दिसून आले. अंधारातही ती वाढते. त्यामुळे दचक्याची परिणामकारकता आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याआधीच्या तयारीवर अधिक अवलंबून राहते.

या तयारीचे नमुनेदार उदाहरण म्हणून ज्याक तूर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’ (१९४२) या अमेरिकी चित्रपटातील प्रसंगाचा उल्लेख केला जातो. रात्री निर्जन रस्त्याने एक स्त्री चालली आहे. तिच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज काही काळ ऐकू येतो आणि मग थांबतो. पार्श्वसंगीत नाही. पहिली स्त्री घाबरून पावले उचलू लागते, मागे कोणीच दिसत नाही, आणि एकाएकी श्वापदाच्या फिसकारण्यासारखा आवाज होऊन चौकटीत एक बस शिरते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या चमूने पुढे अशा योजनेला ‘बस’ असेच नाव ठेवले. तिच्या श्रेयाबाबत एकवाक्यता नाही. बहुधा ते संकलक मार्क रॉबसन याला दिले जाते, तर काही लेखक तूर्नर व ल्यूटन यांच्या एकत्रित विचाराकडे बोट दाखवतात. काहींच्या मते दचक्याचा उगम ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) या मूकपटातील मुखवटा ओढून काढण्याच्या प्रसंगापर्यंत मागे नेला पाहिजे. तथापि त्या प्रसंगाचे बळ चेहऱ्याच्या दर्शनात आहे. शांतता ताणून ती ध्वनीने भंग करण्याची रीत बोलपटाशिवाय संभवत नाही, म्हणून १९४२ चे उदाहरण अधिक ग्राह्य वाटते.

ध्वनीचा दुसरा उपयोग स्वरांच्या कर्कशपणातून होतो. ‘सायको’ (१९६०) या चित्रपटातील स्नानगृहाच्या प्रसंगाला संगीत नसावे, असा ॲल्फ्रेड हिचकॉकचा मूळ विचार होता. बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत ऐकल्यावर तो बदलला. डॅनियल ब्लमस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेल्या विश्लेषणानुसार, संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या ओरडण्यातील खरखरीत, बेसूर गुणांशी साम्य असलेले ध्वनी भयपटांच्या ध्वनिपट्टीत आढळतात. मानवी कानाला जेमतेम जाणवणाऱ्या अतिमंद्र ध्वनीविषयी बरेच लिहिले गेले असले, तरी त्याबाबतचा पुरावा इतका भक्कम नाही.

हिंदी चित्रपटाने येथे गाण्याची भर घातली. कमाल अमरोही यांच्या ‘महल’ (१९४९) मध्ये लता मंगेशकर यांचा आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास होतो. त्यासाठी त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात गात पुढे आल्या, असे सांगितले जाते. मराठीत ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटाने उसाच्या फडाचा आडोसा म्हणून उपयोग केला आहे : दाट पिकात नजर काही हातांपलीकडे जात नाही आणि पात्याची सळसळ कशामुळे झाली हे ठरवता येत नाही.

भय दुःखद असूनही प्रेक्षक ते स्वेच्छेने का अनुभवतो, या प्रश्नाला तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी १९९० मध्ये जिज्ञासेच्या आधारे उत्तर दिले : अशक्यप्राय राक्षसाविषयीचे कुतूहल किळसेवर मात करते. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने (सु. इ. स. १०००) शाकुंतलातील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेऊन वेगळी उपपत्ती मांडली होती. तेथे प्रेक्षकाला जाणवते ते कोणा एकाचे, अमुक स्थळी व अमुक वेळी वाटलेले भय नसून देश-काळाच्या मर्यादांतून सुटलेले भयच असते. ज्या चित्रपटांत राक्षस कधी दिसतच नाही, त्यांना ही उपपत्ती अधिक लागू पडते. दचका मात्र तिच्या कक्षेत येत नाही, कारण त्या क्षणी प्रेक्षकाचे स्वतःचेच शरीर हलते आणि रसास्वादाला आवश्यक असलेले अंतर तेवढ्यापुरते नाहीसे होते.