नाकाचं ऑपरेशन झाल्यावर विमानात नाक 'फुटतं' का?

सोलापुरात नाकाचं हाड सरळ करून घेतलं की कुणीतरी सांगणारच, सहा महिने विमानात बसू नको, वर गेल्यावर प्रेशरनं टाके फुटतात. असं काही होत नाही हो. नाक पुढून मागून उघडं असतं, हवा आत बाहेर होत राहते, मग फुटणार काय?

केबिनमधलं प्रेशर साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतं तेवढं ठेवतात, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं वर, एवढंच. खरी अडचण दुसरीच आहे. सूज असली, किंवा पॅक, म्हणजे ऑपरेशननंतर नाकात भरलेली पट्टी, अजून आतच असला तर सायनस आणि कानाकडची वाट बंद होते, मग विमान खाली उतरताना कान, कपाळ असं ठणकतं की बास. आणि विमानातली हवा एकदम कोरडी, त्यानं आतली खपली सुकून तडकते आणि रक्त येऊ शकतं, वर कान-नाक-घशाचा डॉक्टर कुठून आणणार? म्हणून बरेच सर्जन एक-दोन आठवडे थांबा म्हणतात, सायनसचं मोठं काम असेल तर जास्तही, तुमच्यापुरतं तुमच्या सर्जनलाच विचारा, कट्ट्यावर नको.

परवानगी मिळाली की सलाईनचा स्प्रे हातातल्या बॅगेत ठेवा, नाक शिंकरू नका, शिंक आलीच तर तोंड उघडून द्या. कान मोकळे करायला नाक दाबून फुंकतात ना, तेही नको, नुसतं गिळत राहा. नाकात आधाराला बसवलेल्या सिलिकॉनच्या पट्टीनं (स्प्लिंट) सिक्युरिटीत बीप होत नाही, ती काळजी सोडा.