फुलीवर क्लिक केलं तर?

फाइल सेव्ह न करता प्रोग्राम बंद करायला गेलं की मध्येच एक छोटी विंडो उघडते: ‘बदल सेव्ह करायचे का?’ खाली होय, नाही, रद्द अशी तीन बटणं आणि कोपऱ्यात फुली. हा डायलॉग बॉक्स उघडायला प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. खरं काम त्या ओळीनंतर सुरू होतं. परत आलेलं उत्तर नीट वाचलं नाही तर वापरणाऱ्याची तासाभराची मेहनत जाते.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारी, विंडो आणि बटणं बनवायची टीकेइंटर लायब्ररी घेऊ. तिच्यातला मेसेजबॉक्स हा भाग वेगळा इम्पोर्ट करावा लागतो, नुसतं टीकेइंटर इम्पोर्ट करून भागत नाही. नुसती माहिती, सावधगिरी किंवा चूक कळवायची तर शोइन्फो, शोवॉर्निंग, शोएरर ही फंक्शन्स. प्रश्न विचारायचा तर आस्कयेसनो, आस्कओकेकॅन्सल वगैरे. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत मुख्य विंडो तयार नसताना यांपैकी काहीही वापरलं, तर संदेशासोबत एक रिकामी विंडोही उगवते. आधी मुख्य विंडो तयार करून ती विथड्रॉ या आज्ञेने लपवली की प्रश्न मिटतो.

आता तो तीन बटणांचा प्रश्न. त्यासाठी आस्कयेसनोकॅन्सल आहे. ‘होय’ला ट्रू (खरं) परत येतं, ‘नाही’ला फॉल्स (खोटं) आणि ‘रद्द’ला नन (काहीच नाही). गोची इथेच आहे. ‘उत्तर ट्रू असेल तर सेव्ह कर, नाहीतर तसंच बंद कर’ अशी अट लिहिली, तर पायथन ननलाही ‘नाही’सारखंच वागवतो. वापरणाऱ्याने थांबण्यासाठी ‘रद्द’ दाबलं आणि प्रोग्राम सेव्ह न करता बंद झाला! म्हणून सगळ्यात आधी उत्तर नन आहे का ते तपासायचं, असेल तर काहीही न करता परत फिरायचं. मग ट्रू आणि फॉल्सचा विचार. ‘होय’च्या वाटेवरही एक खड्डा आहे: डिस्क भरलेली असेल तर सेव्ह होणारच नाही. सेव्ह खरोखर झालं तरच विंडो बंद करायची.

जावा भाषेतल्या जेऑप्शनपेन या तयार डायलॉगमध्ये हीच उत्तरं आकड्यांत येतात: होय ०, नाही १, रद्द २ आणि फुली मारली तर -१. फुलीचा आकडा वेगळा आहे, तो विसरून चालत नाही. विंडोजच्या मूळ मेसेजबॉक्समध्ये फक्त होय-नाही विचारलं, तर फुली चालतच नाही. ‘रद्द’ बटण असेल तर फुलीचा अर्थ ‘रद्द’ असाच घेतला जातो.

बॉक्स उघडा असताना आत काय चालतं हेही समजून घ्यायला हवं. ग्राफिकल प्रोग्राम म्हणजे सतत फिरणारं एक चक्र. माउसचं क्लिक, दाबलेली कळ, विंडो पुन्हा रंगवण्याची सूचना, असं जे रांगेत येईल ते उचलायचं आणि पार पाडायचं. मोडल डायलॉग, म्हणजे उत्तर मिळेपर्यंत मागच्या विंडोत काही करू न देणारा बॉक्स, उघडला की तुमचा कोड त्या ओळीवर थांबतो, पण चक्र थांबत नाही. डायलॉगच्या आत ते फिरत राहतं, त्यामुळे मागची विंडो रंगवली जाते आणि टायमरही चालू राहतात. समजा दर सेकंदाला कनेक्शन तपासणारा टायमर आहे आणि चूक दिसली की तो बॉक्स उघडतो. पहिला बॉक्स बंद व्हायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. मिनिटभरात स्क्रीनवर ढीग लागतो. ‘बॉक्स उघडा आहे’ अशी खूण एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि ती असेपर्यंत नवा उघडायचा नाही.

दुसऱ्या थ्रेडमधून, म्हणजे मुख्य चक्राच्या जोडीने वेगळ्या चालणाऱ्या कामातून, थेट बॉक्स उघडणं मात्र पूर्ण टाळा. प्रोग्राम कधी चालेल, कधी गोठेल, आणि अशी चूक शोधायला फार वेळ जातो. टीकेइंटरमध्ये थ्रेडने संदेश क्यूमध्ये (रांगेत) टाकावा आणि मुख्य विंडोने आफ्टर हा टायमर वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू तपासावी. जावाच्या स्विंग या विंडो बनवायच्या लायब्ररीत त्यासाठी इन्व्होकलेटर आहे.

पेरेंट विंडो, म्हणजे बॉक्स ज्या विंडोचा आहे ती, कोणती तेही दरवेळी सांगावं. नाहीतर बॉक्स भलत्याच विंडोवर किंवा तिच्यामागे उघडतो आणि प्रोग्राम अडकल्यासारखा वाटतो.

‘फाइल कायमची काढायची?’ याला होय-नाहीपेक्षा ‘काढून टाका’ आणि ‘राहू द्या’ ही बटणं कितीतरी बरी, कारण घाईत माणूस वरचं वाक्य सोडून फक्त बटणं वाचतो. आपोआप निवडलेलं बटण ‘राहू द्या’ हेच असावं. टाइप करता करता बॉक्स समोर आला आणि एंटर दाबली गेली, तर निदान फाइल वाचते. पार्श्वभूमीतलं काम संपलं एवढंच सांगायचं असेल तर बॉक्स नकोच, खालच्या स्टेटस बारमध्ये ओळ पुरे.

टीकेइंटरच्या तयार बॉक्समध्ये बटणांवरचे शब्द बदलता येत नाहीत, तेव्हा स्वतःचा डायलॉग बांधावा लागतो. टॉपलेव्हल विंडो तयार करायची, ट्रान्झियंटने ती मुख्य विंडोला जोडायची, ग्रॅबसेटने सगळे क्लिक तिच्याकडे वळवायचे आणि वेटविंडोने ती बंद होईपर्यंत थांबायचं. लिनक्सवर ग्रॅबसेटच्या ओळीला ‘ग्रॅब फेल्ड: विंडो नॉट व्ह्यूएबल’ अशी एरर येऊ शकते, कारण विंडो तोवर स्क्रीनवर आलेलीच नसते. त्याआधी वेटव्हिजिबिलिटीची एक ओळ टाकली की काम होतं. फुली आणि एस्केप या दोन्हींना ‘राहू द्या’चंच काम जोडायचं.

विंडोजच्या तयार मेसेजबॉक्समध्ये कंट्रोल-सी दाबलं की सगळा मजकूर कॉपी होतो आणि चूक कळवताना तो जसाच्या तसा पाठवता येतो. स्वतः बांधलेल्या डायलॉगमध्ये ही सोय आपोआप येत नाही. त्यासाठी ‘मजकूर कॉपी करा’ असं एक छोटं बटण ठेवावं.