ट्रॅक्टरला दरवर्षी पासिंग का लागत नाही?

कारखान्यांचे बॉयलर पेटले की कोल्हापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग लागते. मागच्या ट्रॉलीतला ऊस बाजूंनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टरची पट्टी वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेली, जोडाला एक पिन. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, उतारावर सगळा भार ट्रॅक्टरवर. त्याच्यामागं अडकलेल्या ट्रकला मात्र फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, चुकत नाही: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी.

हा फरक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या एका व्याख्येतून येतो. शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे अवजारं जोडून शेतातली कामं करणारं किंवा शेतीमालाची ट्रॉली ओढणारं चारचाकी वाहन, असं सांगून झाल्यावर तिथं एक छोटं वाक्य जोडलंय: हे ‘परिवहनेतर वाहन’ आहे, म्हणजे माल-प्रवासी वाहतुकीच्या वर्गात न मोडणारं. १९८८ च्या कायद्याचं कलम ५६ फिटनेस मागतं ते परिवहन वाहनांकडून. म्हणजे ट्रॅक्टर घरच्या स्कूटरच्या पंगतीला बसला. नोंदणी १५ वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ट्रॉलीचीही व्याख्या आहे: बहुधा उघडी, एक किंवा दोन आसांची, दोन हुकांनी जोडलेली.

व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर नांगरट करणारा आणि अधूनमधून गावात खताची पोती आणणारा ट्रॅक्टर असावा. कोल्हापुरात ते चित्र टिकलं नाही. राधानगरी धरणाच्या पाण्यानं ऊस वाढला, वारणा, बिद्री, शिरोळ, कुंभी-कासारी असे सहकारी कारखाने उभे राहिले. सुरुवातीला गव्हाणीपर्यंत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेपर्यंत, ऊस पोचवायची ती बैलगाडी. गाळप वाढलं तसं अंतर बैलांना झेपेना आणि ट्रॅक्टर आला. आता तोडणी-वाहतुकीचा करार करून ऊसतोड मजुरांच्या टोळीला उचल (आगाऊ पैसे) देणाऱ्या ट्रॅक्टरमालकाकडं स्वतःचा गुंठाभरही ऊस नसेल. हंगामाचे चार-पाच महिने त्याचा ट्रॅक्टर ट्रकच असतो. माझ्या मते सवलत चुकीची नाही, ती ज्या कामासाठी दिली ते काम बदललं.

न्यायालयाला हा पेच नवा नाही. २००५ मध्ये कर्नाटकातून आलेल्या एका वाहतूक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की माल वाहणारा ट्रॅक्टर-ट्रेलर एकत्र धरला तर ते मालवाहू वाहन होतं आणि त्याला वाहतुकीचा परवाना (परमिट) लागतो.

इतर खास वाहनांचं थोडक्यात. जेसीबीसारखी बांधकामाची यंत्रंही परिवहनेतर, कारण रस्त्यावर धावणं हे त्यांचं जोडकाम मानलंय. अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिकेला परवान्यातून सूट आहे. पण जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनं १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं नूतनीकरण थांबवलं, तेव्हा सूट संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या चिलखती व खास वाहनांना मिळाली. बंबाचं नाव त्यात नव्हतं!

इंधनाची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये शेतीच्या डिझेलवर कर कमी असतो आणि ते ओळखू यावं म्हणून लाल रंगवतात. एप्रिल २०२२ पासून तिथं बऱ्याच धंद्यांचं लाल डिझेल बंद झालं, शेतीचं राहिलं. आपल्याकडं रंग चढला तो रॉकेलला. रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळू नये म्हणून. शेतीसाठी वेगळं डिझेल मात्र आलं नाही. सरकार सगळ्यांचंच डिझेल स्वस्त ठेवत होतं, म्हणून त्यावाचून चालून गेलं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला थोडे थोडे पैसे वाढत गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये दर बाजाराच्या हाती गेले, आणि ट्रॅक्टर ट्रकच्याच भावानं टाकी भरू लागला. गंमत अशी, की त्यानं ओढलेल्या उसाच्या मळीचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं.

सवलत उरली ती धुराच्या नियमात. ट्रक आणि मोटारींना बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं १ एप्रिल २०२०ला. ट्रॅक्टरचं मानक ‘ट्रेम’ नावानं वेगळं काढलं आणि त्याचा चौथा टप्पा पुढं ढकलत ढकलत जानेवारी २०२३ मध्ये आणला, तोही फक्त ३७ किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना. ३७ किलोवॅट म्हणजे साधारण ५० एचपी. दोन ट्रॉल्या ओढायला घेतात ते ट्रॅक्टर बहुतेक याच रेषेच्या अलीकडे-पलीकडे.