शैवालजन्य हायड्रोजन (खाद्यकचऱ्यापासून)

ओल्या कचऱ्यातील अन्नांशावर सूक्ष्म शैवाले वाढवून त्यांच्याकडून हायड्रोजन वायू मिळविण्याची जैवतांत्रिक पद्धत. मुख्यतः क्लॅमिडोमोनास, क्लोरेला व सीनेडेस्मस या हरित शैवालांवर आणि ॲनाबीनासारख्या नीलहरित शैवालांवर (म्हणजे खरे तर जीवाणूंवर) अभ्यास झालेला आहे. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात ओल्या कचऱ्यावर कंपोस्ट व बायोगॅस या पद्धतींनी प्रक्रिया केली जाते.

शोधाचा काळ वादग्रस्त आहे. जॅक्सन व एल्म्स या संशोधकांनी इ. स. १८९६ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅचूसेट्समध्ये ॲनाबीनापासून हायड्रोजन निघत असल्याचे नोंदविले, म्हणून काही लेखक शोधाचा मान त्यांना देतात. मात्र नीलहरित शैवाले इतर जीवाणूंपासून मुक्त ठेवून वाढविण्याचे तंत्र त्या काळी रुळलेले नव्हते. त्यामुळे तो वायू शैवालाचा की सोबतच्या जीवाणूंचा, हे त्या नोंदीवरून ठरविता येत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ संशोधक हान्स गॅफ्रॉन यांचे नाव व १९३९ हे वर्ष देतात. तेही काटेकोर नव्हे. १९३९ च्या टिपणात गॅफ्रॉन यांनी सीनेडेस्मस हे शैवाल ऑक्सिजनविरहित स्थितीत हायड्रोजन शोषून कार्बन डाय-ऑक्साइडाचे क्षपण (हायड्रोजनाशी संयोग घडविणारी रासायनिक क्रिया) करते, असे दाखविले होते. हायड्रोजन बाहेर टाकला जाण्याचे, अंधारात व उजेडात असे दोन्ही प्रकारचे, सविस्तर विवेचन गॅफ्रॉन व रुबिन यांच्या १९४२ मधील निबंधात आढळते. म्हणून हरित शैवालांपुरते १९४२ हे वर्ष धरणे अधिक योग्य वाटते.

हरित शैवालांत हायड्रोजन तयार करणारे विकर (एंझाइम) म्हणजे हायड्रोजिनेज. हरित शैवालांतील या विकराच्या केंद्रस्थानी लोहाचे अणू असतात आणि ऑक्सिजनचा स्पर्श होताच ते निकामी होते. प्रकाशसंश्लेषणात तर ऑक्सिजन निघतोच. सगळी अडचण येथेच आहे. मेलिस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये यावर दोन टप्प्यांचा उपाय मांडला. शैवाल आधी नेहमीप्रमाणे वाढवायचे, मग गंधकविरहित माध्यमात बंद पात्रात ठेवायचे. गंधकाअभावी प्रकाशप्रणाली २ (प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून ऑक्सिजन काढणारी रचना) मधील सतत झिजणाऱ्या प्रथिनाची दुरुस्ती थांबते, ऑक्सिजनची निर्मिती श्वसनाला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा कमी होते, साधारण एका दिवसात पात्र ऑक्सिजनविरहित होते आणि पुढे काही दिवस हायड्रोजन मिळत राहतो.

खाद्यकचरा या साखळीत थेट येत नाही. क्लॅमिडोमोनासला ग्लुकोज वापरता येत नाही, ॲसिटेट (ॲसिटिक अम्लाचे लवण) मात्र चालते. क्लोरेलाच्या अनेक वाणांना ग्लुकोजही चालते. म्हणून कचऱ्याचा लगदा आधी अंधारात, क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंकडून किण्वित करतात (आंबवितात). त्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून, ॲसिटिक अम्लाच्या मार्गाने, जास्तीत जास्त चार रेणू हायड्रोजन मिळू शकतो. उरलेले अम्लयुक्त पाणी शैवालाचे खाद्य ठरते. भारतात अशा जैव हायड्रोजनावर खरगपूरच्या आयआयटीत देवव्रत दास यांनी दीर्घकाळ काम केले. या रचनेत कचऱ्यातून निघालेला पहिला हायड्रोजन जीवाणूंचा असतो. तो शैवालाच्या खात्यावर मांडला तर उत्पादनाचे आकडे फुगतात. दोन्ही टप्पे वेगळे मोजणे हाच प्रामाणिक हिशेब होय.

नवी मुंबईत कच्च्या मालाची उणीव नाही. तुर्भे–वाशी येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात फळे, भाजीपाला व कांदा-बटाटा यांचे घाऊक बाजार आहेत. पण माल कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. मोसंबी-संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हे सुगंधी द्रव्य किण्वन करणाऱ्या जीवाणूंना मारक ठरते. कांदा-लसणात गंधकयुक्त संयुगे भरपूर असतात आणि शैवालाकडून हायड्रोजन घेण्याच्या टप्प्याला तर गंधक नकोच असते. तेव्हा शैवाल कचऱ्याच्या पाण्यातून वेगळे काढून, धुऊन मगच पुढच्या पात्रात घालावे लागते. हॉटेलांच्या उष्ट्यात मीठ व तेल येते. किण्वित पाणी गडद रंगाचे व अमोनियायुक्त असल्याने प्रकाश आत पोचण्यासाठी ते बरेच पातळ करावे लागते, आणि पाणी ही येथेही फुकटची वस्तू नाही.

खाडीपलीकडे, तुर्भे–नेरूळच्या समोर, मुंबईतील ट्रॉम्बे (यालाही मराठीत तुर्भेच म्हणतात) भागात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथे शास्त्रज्ञ शरद काळे यांच्या पुढाकाराने विकसित झालेले ‘निसर्गऋण’ तंत्र याच ओल्या कचऱ्यापासून मिथेन देते. हायड्रोजन पद्धतीची तुलना करायची ती या तंत्राशी. त्यात प्रकाश लागत नाही, निर्जंतुक पात्रेही लागत नाहीत.

ठाणे खाडीत नैसर्गिक शैवाले विपुल आहेत. लहान रोहित पक्षी मुख्यतः त्यांवरच जगतात. खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य व २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून घोषित झाला. पात्रात वाढविण्यासाठी तेथून शैवाल उपसण्याचा विचारही करू नये. त्याची गरजही नाही, कारण प्रयोगशाळांतील वाण शुद्ध व परिचित असतात.

सूर्यप्रकाशाचे हायड्रोजनमध्ये रूपांतर करण्याची सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे १० टक्के वा किंचित अधिक मानली जाते. प्रत्यक्षातील आकडे तिच्या फार खाली राहतात. एक किलो हायड्रोजनपासून सुमारे १२० मेगाज्यूल उष्णता मिळते. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ठरलेल्या हरित हायड्रोजनाच्या व्याख्येत जैवभारापासूनचा (वनस्पतिजन्य व इतर जैव पदार्थांपासूनचा) हायड्रोजनही येतो. अट अशी, की एक किलो हायड्रोजनामागे होणारे उत्सर्जन दोन किलो कार्बन डाय-ऑक्साइडाइतक्या मर्यादेत असावे. पात्रे ढवळणे, शैवाल गाळणे आणि हायड्रोजनातून कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा करणे यांसाठी लागणारी वीजही या हिशेबात धरावी लागते.