तळपायाचा काळा डाग आणि लाल रंगाची स्लाइड

सोलापुरात तळपायाला काळा डाग दिसला की आधी भोवरी आठवते, नाहीतर काटा मोडून आत साकळलेलं रक्त. बहुतेकदा ते खरंही असतं. मेलानोमा हा त्वचेचा घातक कर्करोग आपल्याकडे तसा क्वचितच होतो. पण झालाच, तर बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली, आणि तिथे उन्हाचा फारसा दोष नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, त्याचाही मेलानोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता.

डागातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणात बसवून (हाच ‘ब्लॉक’) त्याचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काचेवर घेतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातच पुष्कळदा निदान होतं. अडलं, की आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) ही खास रंगाची तपासणी करतात. आपल्या चादरींचं सूत कढईत सगळंच्या सगळं रंग पितं. इथे मात्र निवडक पेशींनाच रंग चढतो, कारण ठराविक प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड तो रंग तिथे नेऊन पाडतं.

खरी अडचण पुढे येते. आयएचसीचा नेहमीचा रंग तपकिरी, आणि मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तेही तपकिरीच! गडद गाठीत रंग चढलाय की पेशी मुळातच काळी आहे, हे कळेनासं होतं. म्हणून अशा वेळी लाल रंग वापरतात. मग मेलॅनिन तपकिरीच राहतं आणि एसओएक्स-१० हे रंगपेशींतलं प्रथिन असलेली केंद्रकं लालचुटूक दिसतात. साधाच बदल, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

एसओएक्स-१० किंवा मेलन-ए हा तसाच दुसरा मार्कर (पेशी ओळखायची खूण) पॉझिटिव्ह आला म्हणजे कर्करोग, असं मात्र मुळीच नाही. साध्या तिळातही ते पॉझिटिव्हच येतात. ते फक्त पेशींचं कूळ सांगतात. स्वभावाचा अंदाज प्रेम (PRAME) नावाच्या मार्करवरून येतो: बहुतेक तिळांत तो नसतो, पुष्कळ मेलानोमांत तीन चतुर्थांशांहून जास्त पेशींत असतो. एचएमबी-४५ या आणखी एका मार्करचा रंग तिळात सहसा वरच्या थरात गडद असतो आणि खाली उतरताना फिकट होत जातो. मेलानोमात तो खालपर्यंत कुठेही, ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून पॅथॉलॉजिस्ट एकट्या मार्करवर निकाल देत नाहीत.

डाग ॲसिडने जाळला किंवा घरी ब्लेडने कापून फेकला, तर यातलं काहीच करता येत नाही. भोवरी म्हणून काढलेला काळा तुकडासुद्धा तपासायला द्यावा. पुढच्या उपचारांसाठी पुण्या-मुंबईला जायची वेळ आली, तर रिपोर्टच्या कागदासोबत ब्लॉक आणि स्लाइडही लॅबमधून मागून घ्याव्यात. नवे मार्कर त्याच ब्लॉकवर लावता येतात.